दोन हंबकर आणि एक पाटी

आमच्या गावच्या सभामंडपात एक पंखा आहे. त्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव रंगवलेलं आहे. पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून दात्याने एकदा ऐन उन्हाळ्यात येऊन तो बंद करायला लावला. खाली कीर्तनाला बसलेल्या माणसांनी उपरण्याने घाम पुसत तो बंद राहू दिला. तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे तसंच एक नाव माझ्या बोटांखाली आलं तेव्हा मात्र शिसारी आली.

मी आळ्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि आमच्या सात जणांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतो. पुण्यात शिकत असताना हा नाद लागला. वाद्यवृंद म्हणजे यात्रा, हळदी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, आणि साखर कारखान्याचा बॉयलर पेटवायचा असेल तर तोही. वृंदाचे प्रमुख एक शेठ. किराणा दुकानदार आहेत, पूर्वज राजस्थानातून आलेले, पण चार पिढ्या इथे काढल्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा नीट आहे. ते कीबोर्ड वाजवतात. सराव त्यांच्याच गोदामात, साखरेच्या पोत्यांच्या आणि तेलाच्या डब्यांच्या मध्ये, दर रविवारी दुपारी दोन तास.

बेस गिटारला चार जाड तारा असतात. ती वाजत असताना कुणाच्या लक्षात येत नाही. थांबली की गाणं पोकळ वाटू लागतं आणि कशामुळे ते कुणाला सांगता येत नाही. माझ्या स्वभावाला हे बरं जमतं. वर्गात मी बोलतो तेव्हा कुणी ऐकत नाही आणि घरी न बोललेलंच सगळ्यांना आवडतं. त्या दोन तासांत मात्र सहा माणसं माझ्यावर पाय रोवून उभी असतात. बावन्नाव्या वर्षी माणसाजवळ अशी एखादीच जागा उरते.

ती जागा जायची वेळ आली पारगावच्या बाजूला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. मागे वीस फुटी पडदा, त्यावर पुढाऱ्याचा हात जोडलेला चेहरा, त्याभोवती पळणारे दिवे, हे सगळं एका जनरेटरवर. माझी गिटार जुनी, साध्या पिकपची. पिकप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. तारांचा आवाज ते पकडतं, पण आजूबाजूच्या विजेचा गोंगाटही तितक्याच प्रेमाने पकडतं. गायिकेने डोळे मिटून आलाप सुरू केला आणि तिच्या खालून माझी घरघर निघाली. मी गिटारला हातही लावलेला नव्हता.

"ओ पावणं," मागून एकजण ओरडला, "ती गिरणी बंद करा, दळण झालं!"

लोक हसले. पुढारीही हसला, पडद्यावरचा आणि खालचा. आलाप तिथेच संपला.

 परतताना गाडीत, मंचर मागे पडल्यावर शेठ म्हणाले, "सर, राग मानू नका. यात्रेपर्यंत काहीतरी करा. नाहीतर बेस मी डाव्या हाताने काढीन. कीबोर्डात तशी सोय आहेच."

"आणि मी?"

"तुम्ही निवेदन करा ना. तुमचा शब्दसंग्रह किती मोठा आहे."

इतक्या सभ्यपणे मला आजवर कुणी काढून टाकलेलं नव्हतं.

उपाय मला माहीत होता, मी तो दरवर्षी फळ्यावर काढतो. एका तारेच्या वेटोळ्याऐवजी दोन घ्यायची आणि एक दुसऱ्याच्या उलट जोडायचं. बाहेरून येणारा विजेचा गोंगाट दोन्हींत सारखाच शिरतो आणि उलटसुलट होऊन एकमेकांत जिरतो. चुंबकंही उलटी ठेवलेली असल्यामुळे तारांचा आवाज तेवढा शिल्लक राहतो. याला हंबकर म्हणतात. दोन विरुद्ध बाजू एकत्र बसवून गोंगाट नाहीसा करणं आमच्या गावातल्या एकाही कमिटीला जमलेलं नाही, पण मूठभर तांब्याला जमतं. मला असे दोन हंबकर असलेली गिटार हवी होती, एक मानेकडे, एक शेपटीकडे, आणि शिक्षकाला झेपेल अशी.

महिनाभर मी इंटरनेटवर परीक्षणं वाचली. त्या वाचनाने मला जो वीट आला तो पीएचडीचे प्रबंध वाचूनही कधी आला नव्हता. एकाला आवाज चॉकलेटी वाटत होता, दुसऱ्याला मातीसारखा, तिसऱ्याला त्याच गिटारमध्ये पावसाळी संध्याकाळ ऐकू येत होती. ती ट्यूबलाइटशेजारी घरघरते का, एवढं एकाही गृहस्थाने लिहिलेलं नव्हतं.

मग एका शनिवारी एसटीने पुण्याला गेलो. खिशात एक छोटा स्क्रूड्रायव्हर होता. स्वस्त गिटारांमध्ये एक लबाडी असते. वरचं रुंद काळं झाकण हंबकरचं, आणि आत वेटोळं एकच. गिटार स्पीकरला जोडून झाकणावर पोलादी टोकाने हलकेच टिचक्या मारत गेलं की कळतं. खरा हंबकर असेल तर दोन ओळींत मोठ्याने टकटक येते, खोटा असेल तर एकाच ओळीत.

दुकानदाराने पहिलीच गिटार दिली ती खोटी निघाली.

"हंबकरच आहे, सर. झाकणावर लिहिलंय ना."

"आत नाही."

"आत कोण बघतं, सर?"

तो हे निर्मळ मनाने म्हणाला. चौथी गिटार मात्र खरी होती. साधा तपकिरी रंग, नाव न ऐकलेल्या कारखान्याची, दोन्ही पिकप प्रामाणिक. मी ती ट्यूबखाली धरली, मोबाइलच्या चार्जरजवळ नेली, स्पीकरकडे तोंड करून गोल फिरलो. शांत. दुकानातलं एक जोडपं माझ्याकडे अंगात आलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होतं. ऐपतीत बसत होती. पुढच्या आठवड्यात नेतो म्हणून सांगून आलो, आणि इथे माझी चूक झाली. त्याच दिवशी न्यायला हवी होती.

कारण रविवारी शेठ गोदामात हसत बसले होते. "सर, गिटारची चिंता मिटली. चेअरमन देतायत. वृंदाला देणगी."

चेअरमन म्हणजे आमच्याकडच्या एका पतसंस्थेचे. यात्रा कमिटीवरही तेच आणि व्यायामशाळेच्या फाटकावरही त्यांचंच नाव. मी त्यांना ओळखून होतो. नको म्हणायला हवं होतं. पण माझी शिल्लक वाचत होती, आणि हा विचार डोक्यात आल्यावर माझी तत्त्वं किती चटकन बाजूला सरली ते पाहून मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "बघा बुवा, त्यांची इच्छा असेल तर."

एक बेस गिटार निवडायला आळेफाट्यावरून दोन गाड्या निघाल्या. नऊ जण होते. त्यांतल्या आठ जणांनी बेस गिटार कधी हातात धरलेली नव्हती आणि नवव्याला मागच्या सीटवर मधे बसवलेलं होतं. दुकानात चेअरमननी तपकिरी गिटार हातात घेतली, कलिंगड वाजवून बघावं तशी बोटाने वाजवली आणि परत दिली.

"हिला चारच तारा? कमी पडत्यात. पाच तारंची दावा."

"साहेब, सरांना चारच लागतात," दुकानदार म्हणाला.

"सरांना काय हो. सरांना एक तार दिली तरी गोड मानून घेतील."

आठही जण हसले. मीसुद्धा हसलो, ही या आठवणीतली सगळ्यात ओंगळ गोष्ट.

शेवटी रंग ठरला तो लाल, कारण लांबून दिसला पाहिजे. नशिबाने त्या लाल गिटारलाही दोन हंबकर होते. मी स्क्रूड्रायव्हर काढून टिचक्या मारू लागलो तसे चेअरमन म्हणाले, "सर, ती गिटार हाय, बोअरची मोटार न्हाई." पण दोन्ही पिकप खरे निघाले. मनात म्हटलं, रंगाचं काय, डोळे मिटून वाजवीन.

गिटार माझ्या हातात आली नाही. समारंभ झाल्याशिवाय द्यायची नसते म्हणून ती चेअरमनच्या घरी गेली. दहा दिवसांनी पतसंस्थेच्या हॉलमध्ये अर्पण सोहळा झाला. बाहेरच्या फ्लेक्सवर अकरा पुरुषांचे फोटो आणि मध्ये गिटार. अकरांत मी नव्हतो. आत चार भाषणं झाली. एका वक्त्याने संगीताचा उगम वेदांत दाखवला आणि तिथून थेट चेअरमनच्या आजोबांवर आला. मग शेला बाजूला केला आणि मी गिटार पाहिली.

दोन पिकपच्या मधोमध, तारांच्या खाली, एक चकचकीत पाटी बसवलेली होती. फाट्यावरचा रेडियमवाला मोटारसायकलींच्या नंबरप्लेटी बनवतो, त्याच्याकडून करून घेतलेली. चार कोपऱ्यांत चार स्क्रू. 'यांजकडून सप्रेम भेट' हे बारीक अक्षरांत, आणि वर नाव, पदं, पुन्हा पदं. ते नाव इथे देत नाही. ते वाचायला मिळेल अशा जागा तालुक्यात पुरेशा आहेत.

"मधी जागा रिकामीच व्हती," चेअरमन माईकवरून म्हणाले. "म्हटलं, शोभून दिसंल."

टाळ्या झाल्या. बेस वाजवणाऱ्याची बोटं नेमकी त्याच रिकाम्या जागेवर चालतात, हे त्या हॉलमध्ये एकाच माणसाला माहीत होतं आणि त्याच्या गळ्यात तेव्हा हार पडत होता.

गोदामात गिटार जोडली. आधी शांतता. मी पहिली तार छेडली, बोट तारेवरून उतरून पाटीला टेकलं, आणि स्पीकरमधून जी घरघर आली तिच्यापुढे पारगावची गिरणी बरी होती. बोट उचललं, थांबली. पुन्हा टेकलं, पुन्हा सुरू. नावाला हात लागला की गिटार ओरडायची.

शेठ घाबरून पोत्याला टेकले. "सर, ही पण?"

मला कारण कळलं, तरी खात्री करायला मी ती फाट्यावरच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे नेली. शेतातल्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी तो दिवसभर उकलून पुन्हा भरतो. तांब्याची तार त्याला मुलीच्या केसांसारखी ओळखीची आहे. त्याने पाटीचे स्क्रू काढले, पिकप वर उचलला आणि आतल्या भोकात बॅटरी मारली. मानेकडच्या पिकपची वायर लाकडातून आडव्या खोदलेल्या नळीतून शेपटीकडे जाते. एक स्क्रू बरोबर तिच्यात घुसला होता.

"ह्यानं वायर फोडलीया, सर. म्हंजी करंट आल्यावानी आवाज थेट पाटीत उतरतोय." मग पिकपकडे वाकून बघत म्हणाला, "ही दोन वेटोळी उलटी का मारल्यात?"

मी एका वाक्यात सांगितलं.

"आयला! म्हंजी भायेरचं भायेर कटतंय. डोकं हाय राव ज्यानं केलं त्याचं."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतक्या कमी वेळात हे कुणाला समजलेलं मी पाहिलेलं नाही. त्याने वायर जोडली, वर नळी चढवली, पिकप बसवला. पैसे विचारले तर म्हणाला, "लई बारीक काम व्हतं, मजा आली. चहा पाजा."

पाटी खिशात घालून मी गोदामात आलो. गिटार जोडली, आवाज पूर्ण वाढवला. काहीच आलं नाही. दुकानातला फ्रिज चालू, डोक्यावर ट्यूब चालू, आणि स्पीकरमधून काहीही नाही. ते काहीही नसणं मी मिनिटभर ऐकत उभा राहिलो. मग वाजवलं. शेठनी डावा हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवला. मला एवढंच हवं होतं.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "सर, पाटी?"

पाटी घेऊन मी चेअरमनकडे गेलो. वायरची गोष्ट सांगितली, आणि पाटी मागच्या बाजूला लावू, असं सुचवलं.

"मागं?" ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजी ती तुमच्या पोटाला लागणार."

"हो."

"माझं नाव तुमच्या पोटाला?"

"मग आखूड स्क्रू वापरू, किंवा चिकटपट्टीने बसवू. थोडी वरच्या कोपऱ्यात. तारा वाजवताना बोट लागतं हो."

"बोट जरा वर धरायचं. शिकलेली माणसं तुमी, येवढं जमंना व्हय?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "सर, गिटार काय कुणीबी ऐकतंय. नाव वाचाया मिळतं म्हणून माणूस देतोय. तुमाला नको असंल तर ठिवून द्या, काय जबरदस्ती न्हाई. शेठ म्हनत व्हते, बटनावर बी येतंय ते."

म्हणजे बोलणी आधीच झालेली होती. पाटी त्यांच्या टेबलावर ठेवून मी निघालो.

दुसऱ्याच दिवशी, मी कॉलेजात असताना, चेअरमननी रेडियमवाल्याला गोदामात पाठवलं. त्याने पाटी त्याच जागी, त्याच भोकांत बसवली. मागच्या वेळी ढिली बसली होती म्हणून या वेळी लांब स्क्रू वापरले. संध्याकाळी मी गिटार जोडली तेव्हा मानेकडचा पिकप मेलेला होता आणि दुसरा जात्यासारखा घरघरत होता.

"नका ना काढू, सर," शेठ हात जोडून म्हणाले. "यात्रेचा कार्यक्रम त्यांच्या हातात आहे. सहा घरं आहेत या वृंदावर. एक काम करा. गिटार गळ्यात घाला, उभे राहा, आवाज मी काढतो. तुमची जागा तुमचीच."

त्या माणसाचा मला राग यायला हवा होता. आला नाही. उबळ आली ती वेगळीच, जेवणात केस निघाल्यावर येते तशी. कारण क्षणभर मला ते शक्य वाटलं. उभं राहायचं, बोटं हलवायची, हार घ्यायचा. इथे निम्मी सार्वजनिक कामं याच पद्धतीने चालतात आणि कुणाचं काही अडत नाही.

शनिवारी पुन्हा पुण्याला गेलो. तपकिरी गिटार विकली गेली होती. दुकानात दोन खऱ्या हंबकरची एकच उरली होती, काळी, खिडकीत ठेवून ठेवून एका बाजूने उन्हाने विटलेली, कडेला टवका उडालेला. म्हणूनच ती माझ्या ऐपतीत आली. टिचक्या मारल्या, ट्यूबखाली धरली आणि एसटीत मांडीवर घेऊन आलो. पाटी लावायला कुणी मागेल अशी ती दिसत नव्हती.

शेठना म्हणालो, "माझी गिटार, मी वाजवणार. तुमच्या चेअरमनचं तुम्ही बघा."

शेठनी बघितलं. यात्रेच्या संध्याकाळी स्टेजवर गेलो तर समोर, अगदी मधोमध, लाल गिटार स्टँडवर उभी होती. तिला झेंडूचा हार, पुढे समई, वर तिच्यासाठी स्वतंत्र दिवा. पाटी झळकत होती. माझी जागा मागे ढोलकीशेजारी, जिथे दिव्यांचा उजेड संपतो तिथे. मी जोडणी केली. समोर जनरेटर, मागे पडदा, पळणारे दिवे, सगळं पारगावसारखंच. गायिकेने माझ्याकडे एकदा वळून पाहिलं आणि डोळे मिटून आलाप घेतला. तिच्या खाली काहीही नव्हतं. कुठेतरी एक लहान मूल खोकलं तेही ऐकू आलं. आलाप पुरा झाला, मी पहिला स्वर दिला, आणि सहाही जण त्यावर येऊन उभे राहिले.

दोन गाण्यांनंतर निवेदक पुढे आला. "मंडळी, आज आपण जो घनगंभीर आवाज ऐकताय, तो आहे आपल्या लाडक्या चेअरमनसाहेबांनी अर्पण केलेल्या या लाल गिटारचा!" त्याने हात केला तिकडे. लाल गिटारमधून वायरसुद्धा निघत नव्हती. वायर जोडायचं तिचं भोक सगळ्यांदेखत उघडं होतं आणि हजारभर माणसांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

माझ्यापुढे माईक होता. वाकलो असतो तर एक वाक्य पुरलं असतं. शेठ माझ्याकडे पाहत होते, दोन्ही हात कीबोर्डच्या उजव्या बाजूला ठेवून. डावीकडचा भाग त्यांनी रिकामा ठेवला होता, माझ्यासाठी. मी वाकलो नाही. पुढचं गाणं सुरू केलं.

कार्यक्रम संपल्यावर चेअरमन स्टेजवर आले. खांद्यावर हात टाकला, अत्तराचा वास नाकात गेला. "बगा सर. म्हटलं न्हवतं? पाटी जाग्यावर ठिवली तर कसा भारदस्त आवाज आला."

"हो," मी म्हणालो, आणि वायर गुंडाळू लागलो.